गप्प बसणारा हेडफोन

हेडफोन घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘आवाज कसा आहे?’ हा. गाणी ऐकायला हवा असेल तर प्रश्न अगदी रास्त आहे. पण स्टुडिओत गायकाच्या कानावर चढवायला हवा असेल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, आणि तोही वेळ उरला तर. आधी विचारायचं ते ‘हा बाहेर किती बडबडतो?’ हे. कारण गायकाच्या हेडफोनला श्रोते दोन असतात. एक गायक, ज्याला या कामाचे पैसे मिळणार असतात किंवा, नवोदित असेल तर, ज्याने ते दिलेले असतात. दुसरा श्रोता म्हणजे त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर टांगलेला माइक. गायकाचं लक्ष मध्येच चहाकडे किंवा शब्दांच्या कागदाकडे जाईल. माइकचं कुठेही जात नाही. हेडफोनमधून झिरपणारं संगीतही तो तितक्याच भक्तिभावाने ऐकतो आणि टिपून ठेवतो. म्हणून माझं म्हणणं असं की गायकासाठी हेडफोन निवडावा तो त्याच्या गोड गळ्यावरून नव्हे, गप्प बसण्याच्या कुवतीवरून. नाटकाच्या विंगेतला प्रॉम्प्टर आठवा. त्याचं वाक्य नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि तिसऱ्या रांगेपर्यंत जाता कामा नये. त्याचा आवाज भरदार आहे का, खर्जात कसा लागतो, याची चौकशी कुठल्याही नाटक कंपनीने केल्याचं ऐकिवात नाही.

आता हा माइक काय चीज असते ते पाहू. गाण्यासाठी स्टुडिओत बहुतेक वेळा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक लावतात. त्यातला थोर पुरुष म्हणजे नॉयमनचा यू ८७; १९६७ साली आला, किंमत लाखांच्या घरात, आणि आजही तो दिसला की पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढतात. या जातीच्या माइकला ओठ सुटल्याचा आवाज ऐकू येतो, कागद उलटल्याचा येतो, न जेवता आलेल्या गायकाच्या पोटातली कुरकुरही येते. त्याला समोरचं जास्त ऐकू यावं आणि पाठीमागचं कमी, अशी सोय केलेली असते आणि त्या सोयीवर सगळ्यांची फार भिस्त असते. अडचण एवढीच की निसर्गाने माणसाचे कान तोंडाच्या थोडे मागे, दोन्ही बाजूंना बसवले आहेत. माइकने गायकाकडे तोंड केलं की हेडफोनच्या दोन्ही वाट्या आयत्याच त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात. तोंड सहा-आठ इंचांवर, कान त्याच्या आणखी चार-पाच इंच मागे. एवढ्या जवळचा आवाज ‘तू ऐकू नकोस’ असं माइकला सांगण्याची काहीही सोय नाही. त्यात पुढे आवाजावर कॉम्प्रेसर बसतो. म्हणजे मोठे स्वर दाबायचे आणि मग सगळाच आवाज वर उचलायचा. शब्द नीट कळावेत म्हणून हे करतात, पण उचलताना श्वासही उचलला जातो आणि हेडफोनमधून झिरपलेली ढोलकीही. रेकॉर्डिंगच्या वेळी जे कुजबुजत होतं ते मिक्सिंगच्या वेळी खणखणीत बोलू लागतं.

यात सगळ्यात मोठा गुन्हेगार ढोलकी नाही, क्लिक आहे. क्लिक म्हणजे ताल चुकू नये म्हणून गायकाच्या कानात अखंड वाजणारी टिकटिक. ती आखूड, टोकदार आणि चढ्या पट्टीची असते, कारण भरगच्च वाद्यमेळातूनही ती गायकाला ऐकू जायची असते. नेमक्या त्याच गुणांमुळे ती फटीतून सर्वांत आधी बाहेर पडते. कानामागून आली नि तिखट झाली, हे या क्लिकबद्दल शब्दशः खरं आहे. गाण्याच्या अंतऱ्यात तिचं पाप झाकलं जातं. तबला, ढोलक, व्हायोलिनं असा सगळा मेळा असतो. पण शेवटची ओळ येते, वाद्यं एकेक करून थांबतात, तानपुरा विरत जातो, गायक षड्ज लांबवून ठेवतो, आणि त्या षड्जाच्या मागे, घड्याळजीच्या दुकानात बसून गायल्यागत, टिक, टिक, टिक. म्हणजे गाण्यातली जी जागा सगळ्यात नाजूक, जिच्यासाठी गायकाने बारा टेक दिले, ती जागाच बाटते. शहाणा रेकॉर्डिस्ट शेवटच्या ओळीआधी क्लिक बंद करतो, किंवा तिचा आवाज बदलून जरा बोथट करतो. पण त्याआधी तो हेडफोन बदलतो.

‘हल्ली सॉफ्टवेअरने सगळं काढता येतं’ हा आक्षेप इथे हमखास येतो, आणि घेणारा बहुधा स्वतः ते काढायला बसणारा नसतो. काढता येतं, बऱ्यापैकी काढता येतं. पण टिकटिक काढताना तिच्या आसपासचं व्यंजनही थोडं खरवडलं जातं. दुसरं असं की गायकाचा एखादा स्वर किंचित उतरलेला असेल आणि तो सॉफ्टवेअरने वर सरकवला तर त्याला चिकटलेली झिरपलेली हार्मोनियमही वर सरकते. मग मूळ ट्रॅकवरची हार्मोनियम एका जागी, आवाजातली दुसऱ्या जागी, आणि दोघींची बारीक भांडाभांडी चालू होते. तिसरी गोष्ट संगीतकारांच्या स्वभावाची. गाणं झाल्यावर आठ दिवसांनी त्यांना वाटतं की ती सतार नकोच होती. सतारीचा ट्रॅक बंद केला जातो. पण गायकाच्या आवाजात ती सतार पुसटशी शिल्लक असते, आणि हुकूम देऊनही का जात नाही म्हणून संगीतकार रेकॉर्डिस्टकडे संशयाने पाहतात. मुळात वाटीची फट बुजवली असती तर यातलं काहीच उद्भवलं नसतं. पैसे सॉफ्टवेअरला घालण्यापेक्षा कुशनला घातलेले स्वस्त पडतात, एवढा साधा हिशेब आहे.

कोणी म्हणेल, पूर्वी कुठे होते हेडफोन? बरोबर आहे. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तिच्यासमोर माइकही नव्हता, कर्णा होता, आणि त्यात तोंड घालून गायचं होतं. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्यात आवाज लांबून जवळ येतो असा भास हवा होता, तर लता मंगेशकरांना दूर उभं राहून गात गात माइककडे चालत यावं लागलं. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६मध्ये ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीतं गेली ती साथीदारांना शेजारी बसवून. या सगळ्यांत गायक आणि वाद्यं एकाच खोलीत आणि, महत्त्वाचं म्हणजे, एकाच वेळी हजर होती. हेडफोनची गरज पडली ती ही वेळ मोडल्यावर. अमेरिकेत लेस पॉल नावाच्या गिटारवादकाला आपल्याच वाजवण्यावर पुन्हा आपणच वाजवायचा नाद लागला. १९५७ साली अँपेक्सचं आठ ट्रॅकचं टेपयंत्र त्याच्याकडे आलं आणि मग वादक मंगळवारी, गायक शुक्रवारी, कोरस जमेल तेव्हा, हा आजचा कारभार शक्य झाला. आता व्हायोलिनं चेन्नईत वाजतात, ढोलकी मुंबईत, आणि गायक कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कपड्यांच्या कपाटाकडे पाठ करून उभा असतो. त्या गैरहजर मंडळींना गायकापर्यंत आणणारी एकच वाट उरली, ती हेडफोनची. जुन्या गायकांनी हेडफोन लावला नाही तो काही साधेपणापायी नव्हे. त्यांना अनुपस्थित ढोलकीवाल्याबरोबर गायची पाळी आली नव्हती.

हेडफोनची कुळकथाही इथे उपयोगी पडते. १९१०च्या सुमाराला अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथानिएल बाल्डविनने स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि ते आरमाराने घेतले. कशासाठी, तर बिनतारी संदेशातली क्षीण कटकट ऐकू यावी म्हणून. त्यात आनंदाचा भाग शून्य होता. पुढे १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉसने स्टिरिओ संगीत ऐकायचे हेडफोन आणले आणि हे कामाचं आयुध सुखाची वस्तू झालं. तेव्हापासून हेडफोनची दोन घराणी आहेत, एक राबणारं आणि एक रमणारं. घोटाळा असा की दुकानातली, मित्रांतली आणि नात्यातली सगळी सल्लागार मंडळी रमणाऱ्या घराण्यातली. ते ‘बेस’बद्दल बोलतात, ‘स्टेज’ किती रुंद वाटतो ते सांगतात, डोळे मिटून मान डोलावतात. त्यांनी सुचवलेला हेडफोन लावून गायक बूथमध्ये उभा राहतो तेव्हा स्टेज खरंच रुंद झालेला असतो, इतका की माइकही त्यावर येऊन बसतो.

रमणाऱ्या घराण्याचा कळस म्हणजे उघड्या पाठीचा हेडफोन. १९६८ साली जेनहायझरने एचडी ४१४ आणला, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा, वाटीच्या पाठीला भोकं असलेला. हवा मोकळी खेळते, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, तासन्‌तास लावला तरी कान तापत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि मिक्सिंग करणाऱ्याने असा हेडफोन जरूर घ्यावा, कारण त्याच्या खोलीत माइक चालू नसतो. पण हा हेडफोन आतला आवाज जितका कानाला देतो जवळजवळ तितकाच खोलीला देतो. ‘उघड्या हेडफोनमध्ये गायकाला स्वतःचा आवाज नैसर्गिक ऐकू येतो, त्यामुळे तो सुरात राहतो’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, त्यात तथ्य आहे. कानात फक्त तानपुरा आणि हलकी पेटी असेल, क्लिक नसेल, गाणं संथ असेल, तर उघडा चालेलही; तानपुरा झिरपला तर कोणी खटला भरत नाही. पण लावणीला, पोवाड्याला, सिनेमाच्या गाण्याला तो चालणार नाही. मग अर्धउघडा घ्यावा का? एकेजीचा के २४० १९७५पासून याच मधल्या वाटेवर उभा आहे आणि त्याने अनेक स्टुडिओंत इमाने इतबारे काम केलं आहे. पण झिरपण्याच्या बाबतीत ‘अर्धं’ हा प्रकार मला पटत नाही. अर्धं लावलेलं दार डासांच्या दृष्टीने उघडंच असतं.

तेव्हा पाठ बंद असलेला, कानाला चहूबाजूंनी वेढणारा हेडफोन, एवढं ठरलं की निम्मं काम झालं. मग माणूस खोक्यावरचे आकडे वाचू लागतो आणि पुन्हा घसरतो. बेयरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोच्या माहितीत ५ ते ३५,००० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. माणसाला ऐकू येतं ते २० ते २०,०००, तेही तरुणपणी. पुढे वरचा आकडा वयाप्रमाणे खाली येत जातो. पुरुषाच्या खालच्या स्वराचा मूळ नाद ८०च्या आसपास, स्त्रीच्या उंच तानेचा हजाराच्या घरात, आणि शब्दांतले स, श, ष वगैरे सळसळणारे लोक त्याच्या वर काही हजारांत. म्हणजे खाली हत्तीची सोय, वर वटवाघळाची सोय, आणि मधल्या बोळात बिचारा गायक. आकडे खोटे नाहीत, हेडफोनही उत्तम आहे, फक्त ते आकडे पाहून गायकासाठी निवड करण्यात अर्थ नाही. ज्या आकड्याकडे पाहावं तो असतो बाहेरचा आवाज किती अडवतो याचा. जेनहायझरचा एचडी २८० प्रो जास्तीत जास्त ३२ डेसिबल अडवतो असं कंपनी सांगते. आकडा बाहेरून आत येणाऱ्या आवाजाचा असला तरी फट दोन्ही दिशांनी फटच असते, त्यामुळे आतून बाहेरचाही अंदाज येतो. ओहमबद्दल, म्हणजे हेडफोनच्या विद्युतरोधाबद्दल, फार बोलायला नको. २५० ओहमवाला लॅपटॉपला जोडला की कुजबुजतो, ३२वाला ओरडतो, आणि हेडफोन जोडायच्या एकाच डब्याला दोन्ही जोडून गायकाला एक, संगीतकाराला दुसरा दिला तर दोघांची पुढची अर्धी दुपार ‘कमी करा’ आणि ‘वाढवा’ यात जाते. सगळे एका जातीचे घ्यावेत.

बिनतारी हेडफोनचं काय? हा प्रश्न घरी ब्लूटूथ असलेले सगळे विचारतात, कारण एवढे पैसे आधीच गेलेले असतात. उत्तर गणितात आहे. आवाज हवेतून साधारण तीन मिलिसेकंदांत एक मीटर जातो. नेहमीच्या ब्लूटूथला आवाज कानापर्यंत पोचवायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. दोनशे धरले तर गायकाला स्वतःचा आवाज जवळजवळ सत्तर मीटरांवरून, म्हणजे दोन इमारती सोडून तिसरीतून, परत ऐकू येतो. इतक्या उशिरा आपलंच बोलणं कानावर आलं तर साध्या बोलण्यातही माणूस अडखळू लागतो, हे प्रयोगांतून दिसून आलेलं आहे. तिथे झपताल कुठला धरणार? तार लावली तरी संगणकाचा बफर, म्हणजे आवाज साठवून मग पुढे सोडण्याचा टप्पा, १०२४ वर ठेवला तर जाताना २३ आणि येताना २३ मिलिसेकंद जातात, म्हणजे आवाज सोळा मीटरांवरून येतो. अशा वेळी गायक मागे पडतो, संगीतकार त्याच्या तालमीवर घसरतो, गायक हेडफोनवर घसरतो आणि दोष दोघांचाही नसतो. बफर १२८ वर आणला की प्रकरण मिटतं. विमानात लावायचे, बाहेरचा आवाज मारणारे हेडफोनही बूथमध्ये नकोत. तिथे मारण्याजोगा बाहेरचा आवाज नसतोच. तो स्टुडिओवाल्याने जाड भिंती बांधून आधीच मारलेला असतो आणि त्याचे पैसे तासाच्या भाड्यात धरलेले असतात.

आता माझ्याच बाजूची खरी अडचण. कान बंद केले की माणसाला स्वतःचा आवाज बदललेला वाटतो. दोन्ही कानांत बोटं घालून ‘म’ लांबवून म्हणून पाहा. डोक्यात भोपळा घुमतोय असं वाटेल. हाडांतून कानात पोचलेला खालचा नाद एरवी कानाच्या भोकातून निसटून जातो. भोक बुजलं की तो आतच कोंडतो. बंद हेडफोन नेमकं हेच करतो, त्यामुळे गायकाला आपण फार भारदस्त गातोय असं वाटतं, आणि सूर नेमका कुठे आहे ते कळत नाही. मग तो काय करतो? एका कानावरची वाटी मागे सारतो. नवे रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून हातवारे करून ती पुन्हा जागेवर बसवायला लावतात. माझ्या मते गायकाचं बरोबर असतं. आपल्याकडचा शाहीर पिढ्यान्‌पिढ्या एक हात कानाशी धरून गात आला आहे. डफ, तुणतुणं, झीलकऱ्यांचा ‘जी जी रं जी’ या सगळ्या कल्लोळात स्वतःचा सूर स्वतःला ऐकू यावा म्हणून. त्याने हा प्रश्न तळहातावर सोडवला होता. एक कान मेळ्याला, एक कान स्वतःला, ही वाटणी जुनी आहे आणि हेडफोन बनवणाऱ्यांनाही ती मान्य आहे. जेनहायझरच्या एचडी २५ची एक वाटी फिरवून मागे सरकवता येते; बेयरडायनॅमिकच्या डीटी १०० या जुन्या, ओबडधोबड पण अमर हेडफोनचा तर एका कानाचाही अवतार आहे.

मात्र इथेच माझा मूळ मुद्दा अधिक जोराने उभा राहतो. एक वाटी मागे सारली की ती कानावरून उठते, पण गायची थांबत नाही. ती आता हवेत, माइकसमोर, पूर्ण ताकदीने वाजत असते. कित्येक स्टुडिओंत महागडा बंद हेडफोन घेऊनही क्लिक झिरपते ती या अनाथ वाटीतून. उपाय फुकट आहे: त्या बाजूचा आवाज बंद करायचा आणि सगळं दुसऱ्या कानात द्यायचं. गायकाला विचारायचं, ‘कुठला कान उघडा ठेवणार?’ आणि त्याप्रमाणे बटण फिरवायचं. एवढं न करता गायकावर राग काढणारे पुष्कळ. एकेजीने तर के २७१मध्ये डोक्यावरून हेडफोन काढला की आवाज आपोआप बंद होण्याची सोय ठेवली. त्या इंजिनियरांनी गायक जवळून पाहिलेले असणार. टेक संपला की गायक हेडफोन काढतो आणि अडकवायला सगळ्यात सोयीची जागा शोधतो, ती असते माइकचा स्टँड. हेडफोनचा आवाज चालूच असेल तर तो माइकमध्ये शिरून फिरत राहतो, आणि पुढची शिट्टी शेजारच्या सोसायटीलाही ऐकू जाते.

सर्वांत वजनदार आक्षेप असा: हेडफोन गोड नसेल तर गायकाला गावंसंच वाटणार नाही; कानात स्वर्ग असेल तर गळ्यात उतरेल. बोलणारे कवी असतील तर आणखी बरंच बोलतात. मी म्हणतो, कानात काय वाजतंय हे फार महत्त्वाचं आहे, पण ते हेडफोनच्या मॉडेलवर ठरत नाही, रेकॉर्डिस्टने दिलेल्या मिक्सवर ठरतं. गायकाला हवं असतं सुराला धरण्यापुरतं एक वाद्य, तालाला एक, स्वतःचा आवाज, आणि त्या आवाजावर जरासा रिव्हर्ब, बाथरूममध्ये मिळतो तेवढा. हे चार पदार्थ साध्या बंद हेडफोनमध्येही नीट बसतात. उलट सोळा व्हायोलिनांसह सगळा वाद्यमेळ ओतला तर कुठलाही हेडफोन कमीच पडतो. मग ‘माझा आवाज थोडा वाढवा’ सुरू होतं. आवाज वाढवला की वाद्यं कमी वाटतात, वाद्यं वाढवली की आवाज कमी वाटतो, आणि दोन्ही चढत चढत अशा जागी पोचतात की गायक गात नसून फेरीवाल्यासारखा ओरडत असतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच दाखवून दिलं होतं. त्याला हे कळायला लग्नाच्या वरातीत यायची गरज पडली नाही. कानात फार मोठ्याने वाजत असेल तर गायक बेसूर होतो, बहुतेक खाली उतरतो, असं रेकॉर्डिस्ट मंडळी सांगतात. मोठा आवाज म्हणजे जास्त झिरपणंही. म्हणजे एक बटण कमी केल्याने सूर, गळा, कान आणि टेक या चौघांचं भलं होतं, आणि त्याला नवा हेडफोन लागत नाही.

आणि बोनोचं काय? यू टू या आयरिश बँडचा हा गायक कंट्रोल रूममध्ये स्पीकर चालू ठेवून, शुअरचा एसएम ५८ हातात धरून गातो हे प्रसिद्ध आहे. त्याला हेडफोनच नको असतो. पण तो माइक स्टेजवरचा, ओठाला चिकटवून गायचा, बाजूच्या गोष्टींकडे कानाडोळा करणारा, गाणं गर्जनेचं, आणि झिरपलेलं जे काही असेल ते गिटारच्या गदारोळात विरघळतं. त्याच पद्धतीने कोणी कंडेन्सर माइकसमोर अंगाई गायला उभं राहिलं तर बाळ झोपेल, पण त्या आधी ड्रम ऐकेल.

मॉडेल ठरलं तरी डोकं उरतंच. हेडफोनची सगळी बंद पाठ व्यर्थ जाते ती कुशन आणि कातडी यांच्या मधल्या फटीत. चष्म्याची दांडी कानावरून जाते तिथे कुशन अर्ध्या बोटाने उचलली जाते. गायक चष्मा काढतो, मग त्याला शब्द दिसत नाहीत, मग शब्द मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून आणावे लागतात. झुमके वाटीच्या आत वाजतात. कुडी टोचते. बुगडी तर वाटीच्या कडेखाली नेमकी सापडते आणि तिसऱ्या टेकला गायिकेच्या चेहऱ्यावर जो करुण रस दिसतो तो गाण्यातला नसतो. अंबाड्यावरून पट्टा कुठून न्यायचा हे कुठल्याही जर्मन कंपनीने सांगितलेलं नाही. बहुतेकदा तो मागे मानेकडे घसरतो आणि गायिका एका हाताने तो धरून गाते. बांगड्या त्याच हातात असतात. शिवाय टेकच्या वेळी पंखा बंद, एसी बंद, कारण ते माइकला ऐकू येतात. मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये अशा बंद खोलीत बंद वाट्यांच्या आत घाम साचतो आणि नकली चामड्याची कुशन वर्षा-दोन वर्षांत सोलपटू लागते. तिचे काळे, तिळाएवढे कपचे कानाच्या पाळीला, गालाला, गळ्याजवळच्या घामाला चिकटतात. गायक तसाच बाहेर पडतो आणि रस्त्यात भेटणारे त्याला कांजिण्या आल्या का म्हणून विचारतात. मखमली कुशन गार असते, टोचत नाही, पण थोडी जास्त झिरपते आणि घाम पिऊन ठेवते; पुढच्या गायकाला तो वारसा मिळतो. म्हणून कुशन सुटी मिळते का, बदलता येते का, हा प्रश्न मी हर्ट्झच्या कितीतरी वर ठेवीन. सोनीचा एमडीआर ७५०६ १९९१पासून बाजारात टिकून आहे तो ऐकायला मधाळ म्हणून नव्हे. त्याचा वरचा आवाज तर काहीसा टोचराच आहे. पण तो बंद आहे, हलका आहे, त्याची घडी घालता येते, आणि त्याच्या कुशन कुठेही मिळतात.

तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाताना दुकानदाराला एक विनंती करावी. हेडफोन फोनला जोडून गाणं नेहमीच्या आवाजात लावायचं, वाट्या कानावर न घेता दोन्ही एकमेकींवर घट्ट दाबून धरायच्या, आणि हातभर अंतरावर कान नेऊन ऐकायचं. ज्याच्यातून कमीत कमी ऐकू येईल तो बाजूला काढायचा. दुकानदार ‘साहेब, लावून तर बघा’ म्हणत राहील. मागचं गिऱ्हाईक आपल्याकडे जरा सांभाळूनच पाहील. असे दोन एकसारखे घ्यावेत, कारण संगीतकाराला बूथमध्ये येऊन शिकवायचं असतंच. उरलेल्या पैशांत कुशनचा जास्तीचा जोड आणि तीन मीटरची वाढीव वायर. आणि मोठ्या पिनेचे ॲडॅप्टर अर्धा डझन. सहा घेतले की रेकॉर्डिंगच्या दिवशी एक सापडतो.